काका, आधी ‘चाल’ची ओळ वाचा, मग रिमिक्सला शिव्या घाला

तो मेसेज परत आलाय. फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला, सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी, आणि शाळेच्या ग्रुपवर तर दोघांनी, एकाच सकाळी. ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर्वीचे संगीतकार एकटे बसून साधना करून अस्सल चाल लावायचे, तिला नंतर कुणी हात लावायचं नाही. आता रिमिक्सवाले दुसऱ्याचं उचलतात, त्यात मेहनत शून्य, त्याने मूळ गाणं मरतं आणि आपलं शुद्ध संगीत बुडालं. खाली तीन नमस्कार आणि पेटीचा फोटो. त्या पेटीकडे नंतर येतेच.

पहिला मुद्दा, ‘पूर्वी चाली शंभर टक्के स्वतःच्या असायच्या.’ काका, तुमच्याच कपाटात संगीत नाटकांची जुनी पुस्तकं आहेत ना, त्यातलं कुठलंही काढा आणि पदाच्या वरची बारीक अक्षरातली ओळ वाचा. तिथे ‘चाल’ असं लिहून पुढे कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याचे शब्द असतात. म्हणजे हे पद त्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत नाटक शाकुंतल १८८० ला पुण्यात रंगमंचावर आलं, त्याआधी अण्णासाहेबांनी पारशी मंडळींचं इंद्रसभा हे गाण्यांचं नाटक बघितलेलं होतं, माणूस गुर्लहोसूरचा त्यामुळे कानडी चाली कानात होत्याच, आणि साक्या, दिंड्या, कामदा हे पद्यप्रकार, सगळं कीर्तनातून आणि आख्यानातून आलेलं, त्याच्या चाली तर आजीलासुद्धा पाठ. वर गायला मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे तयार गळे, त्यांनी आपापलं घातलं असणारच की. मराठी नाट्यसंगीत जन्मलं तेच असं, चार ठिकाणचं गोळा करून.

आणि पुढेही तेच चालू राहिलं. १९११ च्या मानापमान नाटकाला गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या, १९१६ च्या स्वयंवरला भास्करबुवा बखल्यांनी घराण्यातल्या बंदिशींवर मराठी शब्द बसवले. आज कुणी असं केलं तर काका ‘ढापलं’ म्हणतील. तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि बरोबरच केलं, कारण ठुमरी मराठीत आली की ठुमरी राहत नाही, शब्दांची वजनं वेगळी पडतात, सुरांच्या नक्षीच्या जागा बदलतात, आणि बघता बघता ते आपलंच होऊन बसतं.

‘एकटे बसून’ हे तर मला झेपतच नाही. बालगंधर्वांच्या मागे कोण कोण बसायचं बघा ना, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर, आणि दर वन्समोअरला तेच पद थोडं वेगळं, कारण गाणारा एक जागा घेतो, सारंगी ती उचलते, तबल्याला काहीतरी सुचतं, आणि पुढच्या फेरीत गाणारा तेच धरून आणखी पुढे जातो. याला काय म्हणायचं? माझ्या मते लाइव्ह रिमिक्सच, फक्त लॅपटॉप नव्हता.

दुसरा मुद्दा, ‘चालीला हात लावला की मूळ गाणं मरतं.’ ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. १९६७ चं नाटक, लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्या नाटकातच ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत आहे, दोन घराण्यांचा फरक दाखवायला. म्हणजे पद एक आणि व्हर्जन दोन हे खुद्द अभिषेकीबुवांनीच करून ठेवलंय. पुढे २०१५ ला सिनेमा आला, शंकर-एहसान-लॉय यांनी जुनी पदं घेऊन नवी गाणी जोडली, खाँसाहेबांचं गाणं वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले. मूळ मेलं का? उलट माझ्या ओळखीतली पंचविशीतली पोरं सिनेमा बघून घरी आली आणि रात्री वसंतरावांचं जुनं रेकॉर्डिंग शोधत बसली. सिनेमातलं सगळंच मला आवडलं असं नाही, काही ठिकाणी वाद्यमेळ फार चकचकीत वाटतो, पण ते माझं मत, त्याने कुणी मरत नाही.

भारताबाहेरचंही एक उदाहरण देते, कारण याहून चांगलं मला माहीत नाही. १९६९ मध्ये द विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन बँडने एक रेकॉर्ड काढली, तिच्या मागच्या बाजूला जागा भरायला ‘आमेन, ब्रदर’ नावाचा वाद्यसंगीताचा तुकडा होता, तोही जुन्या चर्चच्या गाण्यावर बेतलेला. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा चार आवर्तनं वाजवतो, जेमतेम सहा-सात सेकंद. १९८० च्या दशकात हिप-हॉपवाल्यांनी ते सहा सेकंद उचलले, मग इंग्लंडमध्ये पोरांनी त्याचा वेग वाढवला, तुकडे केले, उलटसुलट लावले, आणि त्यातून जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे प्रकार उभे राहिले. हजारो गाण्यांत तो ठेका आहे. कुणी उचलला नसता तर त्या मागच्या बाजूचं नाव आज कुणाच्या तोंडी असतं?

तिसरा मुद्दा, ‘मेहनत शून्य.’ माझा भाचा पनवेलकडे हळदीला डीजे लावतो. एकदा त्याच्या शेजारी बसून बघितलं. जुन्या कॅसेटवरचं कोळीगीत, त्यात ढोलकीवाला रंगात आला की लय चढवत नेतो, कारण तेव्हा कानात मेट्रोनोम, म्हणजे एकसारखी टिकटिक देणारं यंत्र, नसायचा. म्हणजे पहिल्या कडव्याचा आणि शेवटच्या कडव्याचा वेग वेगळा. आता त्याला खाली एकसारखा ठोका लावायचा तर दोन मिनिटांतच दोन्हीचं भांडण सुरू होतं. पोरगं एकेक थाप कापून सरकवत होतं, रात्रीचे दोन वाजलेले, आणि मध्येच म्हणाला, ‘आत्या, सगळं सरळ केलं ना की नाचायला मजा येत नाही गं, थोडं वाकडं ठेवावं लागतं.’ म्हणून त्याने शेवटचं कडवं तसंच धावतं सोडलं आणि खालचा ठोकाच त्याच्यामागे पळवला. वाईट रिमिक्स ढिगाने असतात, मान्य, दोन क्लिकमध्ये झालेले, कान किटतात. पण वाईट मूळ गाणीही ढिगाने असतात, ती फक्त कुणाला आठवत नाहीत.

आता ‘शुद्ध’ आणि तो पेटीचा फोटो. काका, पेटी पॅरिसची हो! १८४२ ला तिथे हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं, इकडे आल्यावर आपल्या कारागिरांनी पायांऐवजी हाताने भाता मारायची सोय करून ती मांडी घालून वाजवण्याजोगी केली. आणि हे परकं वाद्य आपल्या स्वरांना चालत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तिच्यावर बंदी घातली होती, सत्तरच्या दशकापर्यंत ती सैल झाली नव्हती. तेव्हा जर व्हॉट्सॲप असतं तर याच मेसेजखाली पेटीच्या फोटोवर लाल फुली मारलेली असती.

राहिला ‘चोरी’चा मुद्दा, आणि इथे मेसेज पूर्ण चुकीचा नाही. कोलमनला त्या सहा सेकंदांचा एक पैसा मिळाला नाही, २००६ ला हलाखीत गेला बिचारा. २०१५ ला ब्रिटनमधल्या एका डीजेने लोकांकडून २४ हजार पौंड जमवून बँडलीडर रिचर्ड स्पेन्सरना दिले, पण ती झाली वर्गणी, हक्क नव्हे. आपल्याकडे २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, त्यात कव्हर व्हर्जन, म्हणजे तेच गाणं नव्याने गाऊन, काढायचं तर मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं थांबा, रॉयल्टी आगाऊ भरा, आणि गरजेपलीकडे बदल करायचा तर मालकाची परवानगी घ्या असं आहे. पाळतं किती कोण ते दिसतंच आहे. माझं भांडण असेल तर इथे आहे. चाल घेण्याशी नाही, घेतली ते लपवण्याशी. जुन्या नाटकाच्या पुस्तकात ती बारीक ओळ छापायची लाज कुणाला वाटत नव्हती.

म्हणून भाच्याला म्हटलं, बाबा रे, तुझ्या मिक्सखाली मूळ लोकांची नावं तरी लिही. तो लगेच हो म्हणाला, पण त्याच्याकडे नुसती फाईल होती, कुणीतरी पाठवलेली. मग दुसऱ्या दिवशी वहिनीच्या माळ्यावरून कॅसेटचा डबा काढला, ती कॅसेट सापडली, कव्हर पिवळं पडलेलं पण वाचता येत होतं. गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, कवीचं आणि संगीतकाराचं खाली बारीक. ढोलकीवाल्याचं कुठेच नाही.