ट्रकचं ‘वाटोळं’ केल्याबद्दल

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1:24 मापाच्या (खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या), तीन ॲक्सलच्या ट्रकचं प्लास्टिक किट घेऊन मी त्याची स्लॉट कार, म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून विजेवर धावणारी छोटी गाडी केली. तुमचं म्हणणं, एका चांगल्या किटचं वाटोळं झालं. शिडीसारखी चॅसी (खालचा सांगाडा) कापली, किटमधलं इंजिन डब्यातच राहिलं, मोटर मरतुकडी निवडली (‘मिनिटाला 18,000 फेऱ्यांच्या खाली हात लावू नये’), गाडीला ट्रॅकशी धरून ठेवणारं चुंबक लावलं असतं तर व्हिडिओत ट्रक उलटला नसता, आणि पुढची काच धुरकट दिसते.

काचेचं तुमचं शंभर टक्के बरोबर. सीट मी सुपरग्लूने चिकटवल्या आणि धीर न धरता लगेच छत बसवलं. त्या गोंदाची वाफ बंद केबिनमध्ये कोंडली आणि काचेवर पांढरी साय धरली. पारदर्शक भागाजवळ साधा पांढरा गोंद वापरायचा, हे मीच इतरांना सांगत असतो.

मोटरचं मात्र पटत नाही. तुम्ही गाडीचा हिशेब ट्रकला लावताय. माझ्या ट्रकचं चाक 42 मिलिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे एका फेरीत 132 मिलिमीटर अंतर. तुमची 18,000 फेऱ्यांची मोटर आणि गाड्यांना चालतो तो 3:1 गिअर (मोटरच्या तीन फेऱ्यांना चाकाची एक) घेतला, तर चाक सेकंदाला 100 फेरे मारणार. म्हणजे सेकंदाला 13 मीटर. त्याला 24 ने गुणा. खऱ्या ट्रकच्या मापात ताशी 1,100 किलोमीटरच्या वर जातो! ओझ्याखाली एवढा वेग मिळणार नाही हे मान्य, पण अर्धा धरला तरी ते विमानच. खऱ्या ट्रकांच्या युरोपियन अजिंक्यपद शर्यतींत वेगाला ताशी 160 ची मर्यादा असते. 1:24 मध्ये ते होतात सेकंदाला 1.85 मीटर. हेच दुसऱ्या बाजूने बघा: 20 मिलिमीटरच्या चाकाऐवजी 42 चं लावलं की त्याच गिअरला एका फेरीत दुपटीहून जास्त अंतर ओढावं लागतं आणि जागेवरून उचलताना मोटरचा जीव जातो. म्हणून संथ मोटर आणि मोटरवरच्या 8 दातांच्या पिनियनला (छोट्या गिअरला) ॲक्सलवर 36 दातांचा क्राउन (मोठा गिअर). ट्रक हळूहळू वेग धरतो, वळणाआधी त्याला आवरावं लागतं. मला तेच हवं होतं.

आता चॅसी. किटची चॅसी कपाटात उभी राहण्यासाठी असते. प्लास्टिकच्या भोकात धातूचा ॲक्सल फिरला की काही फेऱ्यांत भोक लंबगोल होतं आणि गिअर दात दाखवायला लागतात. शिवाय किटचे टायर कडक आणि गुळगुळीत, त्यांना पकड नाही. वर्षभर पडून राहिले तर टेकलेलं प्लास्टिक खातात ते वेगळंच. मी मधला भाग कापून पितळी पट्टीची चौकट आणि बुशिंग (ॲक्सलला आधार देणारी कडी) बसवलं, अॅल्युमिनियमच्या चाकांना रबरी टायर घातले आणि किटच्या रिमचा दर्शनी भाग घासून आत बसवला. बाहेरून दिसणाऱ्या शिडीच्या दोन्ही बाजू मूळच्याच आहेत. इंजिन डब्यात आहे, फेकलेलं नाही.

खरं तर तुम्ही बोलायला हवं होतं ते मागच्या दोन ॲक्सलांवर. माझे तीन रविवार तिथेच गेले. दोन्ही ॲक्सल घट्ट बसवले की वजन वाटलं जातं. ट्रॅक कुठेही सपाट नसतो. जरासा उंचवटा आला की मागची जोडी टेकते, मोटरची जोडी अधांतरी फिरते आणि ट्रक जागच्या जागी गुरगुरतो. मी आधी दोन्ही ॲक्सल गिअरने जोडायचा घाट घातला. नुसता आवाज वाढला, आणि वळणावर आठ टायर आठ दिशांना घासू लागले. शेवटी मोटर फक्त मधल्या ॲक्सलला दिली, सगळ्यात मागच्या ॲक्सलला उभट खाच करून वर-खाली मोकळं सोडलं. तो फक्त सोबत फिरतो. जोडटायरांतले बाहेरचे टायर केसभर घासून लहान केले, म्हणजे रस्त्यावर फक्त आतले टेकतात. उभ्या ट्रककडे बघून हे कोणाच्या लक्षात येत नाही, तुमच्याही आलं नाही.

चुंबकाचं काय, माझा ट्रॅक लाकडी आहे आणि वीज तांब्याच्या पट्टीतून येते. तांब्याला चुंबक धरत नाही. प्लास्टिकच्या तयार ट्रॅकमध्ये पोलादी पट्ट्या असतात, तिथे धरेल. पण उंच गाडीला चुंबक लावलं की ती शेवटपर्यंत चिकटून राहते आणि सुटते तेव्हा एकदम आडवी होते. पहिले जातात ते आरसे.

उलटण्याचं कारण मात्र तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण चूक माझीच होती. शिशाचे तुकडे मी मागच्या सपाट भागाखाली, ट्रॅकपासून जवळपास 50 मिलिमीटर उंचीवर चिकटवले होते. मोठ्या चाकांमुळे ॲक्सल 21 मिलिमीटरवर येतो, त्याच्या रांगेत मोटरही वर चढते, आणि त्यावर आणखी मी शिसं ठेवलं. आता तेच शिसं मोटरच्या खाली, ट्रॅकपासून 3 मिलिमीटरवर आहे. त्याच वळणावर त्याच वेगात ट्रक आता शेपूट हलवतो, पण पडत नाही.

आणखी एक, हे किट घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी. खरा युरोपियन ट्रक 2.55 मीटर रुंद असतो, 1:24 मध्ये 106 मिलिमीटर. करेरा या कंपनीच्या तयार ट्रॅकवर दोन खाचांमध्ये साधारण 100 मिलिमीटर अंतर असतं. दोन ट्रक शेजारी धावूच शकत नाहीत. घरी खाचा पाडणार असाल तर 130 तरी ठेवा.

काच या आठवड्यात बदलतो आहे. नवीन फोटो त्याच लेखात टाकीन, जुनाही खाली राहू देईन.