तिला मराठीतच उत्तर द्या

आमच्या औंधच्या सोसायटीत, आमच्याच मजल्यावर, एक कोरियन कुटुंब राहतं. नवरा रांजणगावला नोकरीला, मुलगा शाळेत, ती घरी. चार वर्षं झाली त्यांना पुण्यात येऊन. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये तिने मला इंग्रजीतून वय विचारलं. मी जरा चमकलेच. मग तिने समजावलं की कोरियनमध्ये समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्याला हाक कशी मारायची तेच ठरत नाही. मोठ्या बहिणीला ती 'ओन्नी' म्हणते. मी म्हटलं, आमच्याकडे ताई म्हणतात. तेव्हापासून मी तिची ताई.

आज हे लिहितेय ते गेल्या आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत ऐकलेल्या वाक्यामुळे. "हे परदेशी लोक पाच-पाच वर्षं इथे राहतात, पण मराठीचा एक शब्द शिकत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे मला बोलता आलं नाही, आणि घरी आल्यावर ते मनातून जाईना. माझं मत स्पष्ट आहे : आपणच त्यांना शिकू देत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगते. 'पाव किलो गवार द्या' एवढं एक वाक्य तिने तीन दिवस घोकलं होतं. जिन्यात मला म्हणून दाखवलं, 'र' आणि 'ल'च्या चुका सुधारून घेतल्या, आणि पिशवी घेऊन खाली गेली. भाजीवाल्याने ऐकलं आणि हिंदीत विचारलं, "आधा किलो दूँ, मॅडम?" औषधाच्या दुकानात 'डोकं दुखतंय' म्हणाली, तर काउंटरवरच्या मुलीने अस्खलित इंग्रजीत चौकशी केली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिने 'नमस्कार, मी नवीन आहे' म्हटल्यावर टाळ्या पडल्या आणि पुढचा तासभर तिच्याशी सगळे इंग्रजीत बोलले. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. तिची सोय व्हावी असंच प्रत्येकाला वाटत होतं. पण त्या दिवशी गवारीची पिशवी घेऊन ती वर आली तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिलाय. दार ठोठावून आत यावं आणि यजमानाने अंगणातच चहा आणून द्यावा, तसं काहीतरी झालं होतं.

पुढच्या वेळी मी तिच्याबरोबर मुद्दाम शहरात मंडईला गेले. अष्टकोनी इमारतीबाहेर बसणाऱ्या एका मावशींना म्हटलं, यांच्याशी मराठीतच बोला, कितीही वेळ लागू दे. मावशींनी एक शेंग उचलली, तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मोड. आवाज आला ना? ही कोवळी. आता ही बघ, वाकते पण मोडत नाही. ही जून. घ्यायची नाही." तिने दोन्ही शेंगा पुन्हा मोडून पाहिल्या. मग हळूच मला विचारलं, "ताई, जून महिना?" मावशी खळखळून हसल्या आणि मूठभर कोवळी गवार वरून घातली. तो शब्द ती आयुष्यात विसरणार नाही. इंग्रजीत उत्तर मिळालं असतं तर भाजी मिळाली असती, हा शब्द नसता मिळाला.

परतताना रिक्षात ती म्हणाली, आमच्याकडेही खानावळीतल्या बाईंना 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. मावशीच की! क्रियापद शेवटी येतं तेही दोन्हीकडे सारखंच. म्हणजे सोलहून आलेल्या बाईला मराठी इंग्रजीपेक्षा जवळची वाटू शकते, आणि आपण तिला परत परत इंग्रजीकडे ढकलतो.

परक्या माणसांना मराठी येत नाही असं तरी कसं म्हणायचं? मोल्सवर्थ हा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात आला आणि पंडितांना सोबत घेऊन 1831 साली त्याने जो मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला, तो आपण आजही उघडतो. अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या, 2021 साली तिथेच वारल्या. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून फलटणला आल्या, तिथल्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवत राहिल्या. त्यांची बुद्धी आणि चिकाटी होतीच, पण मला वाटतं आणखी एक गोष्ट होती. कासेगावात, फलटणच्या गल्लीत लोक त्यांच्याशी मराठीतच बोलले असणार. आपल्या पुण्यात तसं होत नाही. इथे घरटी कुणीतरी जर्मन किंवा जपानी शिकलेला असतो, त्या भाषांच्या परीक्षांना आपण हौसेने बसतो, आणि शेजारचा जपानी माणूस 'कसं काय' म्हणाला की त्याला इंग्रजीत उत्तर देतो.

आता पालखीचं सांगते. गेल्या वर्षी तुकोबांच्या पालखीच्या दिवशी आम्ही दोघी वाकडेवाडीला जाऊन उभ्या राहिलो. केळी वाटत होतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी आमच्यापुढे थांबल्या. "कुठलं गाव, माउली?" ती म्हणाली, "कोरिया." "लांब आहे का?" "लांब आहे." "बरं," असं म्हणून आजींनी केळं घेतलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. ती दचकून मागे सरकली. सत्तरीच्या बाईने तिच्यापुढे वाकावं हे तिच्या कल्पनेतही बसेना. घाईघाईने तीही वाकली, दोघींची डोकी आपटणार होती. दिंडी पुढे गेल्यावर बराच वेळ ती गप्प होती. मग विचारलं, "ताई, इथे मोठं कोण?" मी म्हटलं, वारीत सगळेच माउली. "वय विचारायचं नाही?" नाही विचारायचं.

माणसाला वयाच्या पायरीवर उभं केल्याशिवाय जिच्या भाषेत हाकही मारता येत नाही, तिला हा प्रश्न पडला. पन्नास वर्षं पुण्यात काढून मला तो कधी पडला नव्हता.

बसमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण परत येऊ." आम्ही नाही, आपण. हा फरक मीच तिला कधीतरी शिकवला होता. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सहा आमच्याकडे चार-पाच जणी बसतात. ती असते, आता दुसऱ्या विंगमधली एक जर्मन मुलगीही येते. शिकवणी वगैरे काही नाही. भाजी निवडतो आणि मराठीत बोलतो, अडलं तर हातवारे करतो. औंध-बाणेरकडच्या कुणाच्या शेजारी असं कुणी राहत असेल तर घेऊन या. येताना निवडायला भाजी आणलीत तर उत्तम.