विकताना आमचा पिनकोड चालतो, परत घेताना चालत नाही

फोटोतला फवारणीचा पंप माझाच. ॲपवरून मागवलेला, चार्जिंगचा, 16 लिटरचा, 2,650 रुपयांचा. टाकीच्या तळाशी केस चिकटल्यासारखा दिसतो, ती चीर आहे.

कुरियरवाला गावात येत नाही. "भाऊ, फाट्यावर या" म्हणून फोन आला. गेलो तीन किलोमीटर. खोक्याचा एक कोपरा दबलेला, वर दोन रंगांची टेप. म्हटलं, खोलून पाहू दे. तर म्हणे, "पहिले पैसे द्या, मंग घरी जाऊन खोलत बसा. मले अजून अकरा गावं कराची हायेत." त्याच्यावर काय चिडायचं, त्याला नगामागे पैसे मिळतात.

घरी अंगणात साधं पाणी भरलं, पाठीवर घेतला, दोन चकरा मारल्या. शर्ट पाठीला चिकटला. आबा बाजेवरून पाहत होते. म्हणाले, "एमसील लाव अन् चालव. अडीच हजारासाठी कोठं भांडत बसतं?"

आबांशी मी सहसा वाद घालत नाही, त्या दिवशी घातला. आमचा जिल्हा यवतमाळ. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं इथं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. कोणाच्या तरी घरचा माणूस सकाळी पंप पाठीवर घेऊन गेला आणि संध्याकाळी दवाखान्यात होता. शहरात फुटका मिक्सर आला तर चटणी अडते. इथं गळका पंप घेऊन छातीएवढ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरलं की पाठीवरून विष ओघळतं.

मग ॲपवर तक्रार केली. आधी "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत", मग "खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा." आता फाट्यावर एका हातात खोकं, दुसऱ्या हातात नोटा, व्हिडिओ काय पायानं काढू? ही अट कंपनीनं स्वतःच्या सोयीसाठी घातलेली आहे, कायद्यात ती नाही. तरी फोटो पाठवले, पाणी गळतानाचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: तुमच्या पिनकोडवर माल परत नेण्याची सोय नाही, स्वखर्चानं पाठवा.

माझं डोकं फिरलं ते इथं. पैसे घेताना हाच पिनकोड होता ना राजेहो?

रात्री बसून वाचून काढलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, ऑनलाइन खरेदीचे नियम जुलै 2020 पासूनचे. माल सदोष असेल, जाहिरातीत दाखवल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. कंपनीनं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क आपल्या साइटवर टाकायलाच पाहिजे. त्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची, महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा. तळाशी बारीक अक्षरात असतं ते, शोधा. त्या अधिकाऱ्याला मेल टाकला आणि सकाळी 1915 वर फोन लावला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तक्रारीचा नंबर मेसेजनं आला. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते, हुकूम देत नाही. पण कंपनीची भाषा मात्र त्या नंबरानंतर बदलली.

तिथंही जमलं नसतं तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग होताच. कंपनी बंगळुरूची असो की गुडगावची, आता आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, दावा टाकायला मुदत दोन वर्षं. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होतो. "शेतीसाठी घेतलं म्हणजे धंद्याचा माल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर आपण ग्राहकच.

पण मला आपल्या माणसांचाही राग येतो. तालुक्याच्या कृषी केंद्रातून पंप फुटका निघाला असता, तर हेच आबा तो काउंटरवर आदळून तासभर बसले असते. (त्या दुकानात पक्कं बिल मागितलं की मालकाचं तोंड वाकडं होतं, तो विषय वेगळा.) समोर माणूस नसला की आपण "जाऊ दे" म्हणतो. गावात विचारलं तर सहा घरांत असा "जाऊ दे" पडलेला निघाला: न लागणारी टॉर्च, एक उजवी आणि एक उजवीच चप्पल, तडा गेलेला कुकर. कोणी तक्रार केली नव्हती.

बाराव्या दिवशी पैसे खात्यात आले. मधल्या काळात मी शेजारच्या काकांचा पंप मागून आणत होतो. त्यांची फवारणी आटोपल्यावर, म्हणजे भर दुपारी, जेव्हा फवारू नये असं कृषी सहायक सांगून गेलेला. ते बारा दिवस 2,650 मध्ये धरलेले नाहीत. त्याची भरपाई आयोगाकडे मागता येते. मी मागितली नाही, कारण नंतर निंदण आलं.

आता "सोय नाही" म्हणणारी कंपनी माल न्यायला माणूस पाठवायला तयार झाली आहे. पंप गोठ्यात खुंटीला टांगून ठेवलाय. काल फोन आला, तोच आवाज. "भाऊ, ते रिटर्नचं हाय ना तुमचं, फाट्यावर घेऊन येता का?"

म्हटलं, गावात या, चहा पाजतो.