३७७ कोणी काढलं? आमच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एकच मेसेज तीन दिवसात चौथ्यांदा आला म्हणून लिहून राहिलो. मेसेज असा की समलिंगी लोकांवरचं कलम ३७७ आमच्या भाजप सरकारनं काढलं, तृतीयपंथीयांना कायदा आम्ही दिला, काँग्रेसवाले नुसते रंगीत झेंडे मिरवतात, आणि तसंही हे शहरातल्या श्रीमंत पोट्ट्यांचे चोचले, आपल्या खेड्यात असलं काही नसते. म्हणजे उपकारही केले आन् ज्याच्यावर केले तो माणूस गावात नाहीच, असं कसं जमते बावा?

पहिले ३७७ घ्या. सहमतीनं संबंध ठेवणाऱ्या सज्ञान माणसांवरचा गुन्हा काढला सुप्रीम कोर्टानं, ६ सप्टेंबर २०१८ ला. केंद्र सरकारनं त्या केसमध्ये हे कोर्टाच्या शहाणपणावर सोडतो म्हणून हात वर केले, ना हो ना नाही. त्याच्याआधी २०१३ ला दिल्ली हायकोर्टानं हटवलेलं हेच कलम सुप्रीम कोर्टानं परत लागू केलं होतं तेव्हा भाजपचे अध्यक्ष राजनाथ सिंह होते आणि समलैंगिकता अनैसर्गिक आहे, आमचा ३७७ ला पाठिंबा आहे असं ते बोलले होते. डिसेंबर २०१५ मध्ये काँग्रेसचे खासदार शशी थरूर कलम बदलायचं खाजगी विधेयक घेऊन आले तं लोकसभेत ते मांडूच दिलं नाही, ७१ विरुद्ध २४.

आता काँग्रेसवाल्या भावांनो, टाळ्या नका वाजवू. बाजूनं सगळे मिळून २४, आन् २०१४ ला तुमचेच ४४ निवडून आले होते, बाकीचे त्या दिवशी कुठं गेले होते? त्याच्या आधी दिल्ली हायकोर्टात ३७७ ची केस चालू होती तेव्हा सरकार तुमचं, तिथं गृहखातं म्हणे कलम राहू द्या आणि आरोग्य खातं म्हणे याच्यानं एड्सचं काम अडते, एकाच कोर्टात एकाच सरकारची दोन तोंडं. २०२३ ला समलिंगी लग्नाच्या हक्काची केस आली तेव्हा आसामच्या भाजप सरकारनं विरोध कळवला आणि राजस्थानच्या काँग्रेस सरकारनंही कळवला. आपल्या महाराष्ट्रानं विचार करायला वेळ मागितला.

तृतीयपंथीयांना कायदा दिला म्हणता तो २०१९ चा. तो वाचला का कोणी? बाईवर बलात्कार केला तं कमीत कमी १० वर्षं, आणि तृतीयपंथी माणसावर लैंगिक अत्याचार केला तं या कायद्यात सहा महिने ते जास्तीत जास्त दोन वर्षं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं यांना मागास समजून शिक्षणात, नोकरीत आरक्षण द्या म्हटलं होतं, या कायद्यात त्याचा पत्ता नाही.

राहिलं खेड्याचं. लग्नाच्या केसमध्ये केंद्रानंही हेच लिहून दिलं होतं, ही शहरी उच्चभ्रू लोकांची मागणी म्हणून, त्याच्यावर तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी निकालात लिहिलं की शेतात राबणारी बाईही समलिंगी असू शकते. दिल्लीत बसून त्यांना दिसलं, आपल्याला इथं बांधावर दिसत नाही. आमच्या गावच्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, एक पोरगा बाईचं काम करायचा. आता लुगडं नेसून नाचणारा प्रत्येक जण तसाच असते असं नाही, माझा सख्खा काका दहा वर्षं नाचला आन् त्याला चार लेकरं हायत. पण हा पोरगा दंडार संपून सगळे पांगले तरी टिकली काढत नव्हता, मागं आरशापाशी बसून राहायचा, कोणी आवाज दिला का मंग पुसायचा (तो म्हणू का ती, हे मी कधी विचारलंच नाही, माझंच चुकलं). कापूस वेचायला गेला तं बाया पातीला लागू देत नव्हत्या आणि माणसं फवारणीच्या टोळीत घ्यायला तयार नव्हती, काय काय बोलायचे ते इथं लिहिता येत नाही. ग्रामपंचायतीच्या टाइमाला मात्र दोन्ही पॅनलनं त्याला प्रचारात नाचायला बोलावलं, एकानं पाचशे दिले, दुसऱ्यानं नुसता चहा पाजला. मागच्या दिवाळीपासून तो गावात नाही, पुण्याला आहे म्हणतात.

ज्या भाऊनं "आपल्या खेड्यात असलं काही नसते" हा मेसेज टाकला, पाचशेवालं पॅनल त्याचंच होतं. मिरवणुकीत डीजेच्या पुढं त्या पोराचा नाचतानाचा व्हिडिओ त्यानं स्वतःच याच ग्रुपवर टाकला होता, खाली हसण्याच्या बावीस इमोजी आहेत. वर स्क्रोल करा, अजून आहे तिथं.