पार्ट बदलत सुटण्याला दोष शोधणे म्हणत नाहीत

अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती शिकू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्यात पाच गोष्टी आहेत. सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी बदलून टाका, निम्मे सेट तेवढ्यानेच चालू होतात. जळालेला आउटपुट ट्रान्झिस्टर दिसला की तो बदला, काम झाले. फ्यूज उडत असेल तर जरा मोठा लावा, ज्या पार्टमधून धूर येईल तोच खराब. पार्ट बोर्डातून काढल्याशिवाय तपासता येत नाही. आणि शेवटचा: सर्किट समजून घेण्यात वेळ घालवू नका, ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र) घ्या, तो सगळे दाखवतो. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण यातला एक सल्ला सरळ धोकादायक आहे आणि बाकीचे चार नवशिक्याला शिकूच देत नाहीत. धोकादायक आहे त्यापासूनच सुरुवात करतो.

"फ्यूज मोठा लावा, धूर येईल तो पार्ट खराब." फ्यूज उडतो याचा अर्थ कुठेतरी मर्यादेपेक्षा जास्त करंट जातो आहे. मोठा फ्यूज त्या करंटला वाट मोकळी करून देतो. मग ज्यातून धूर येतो तो पार्ट बहुतेक वेळा चांगला असतो. दुसऱ्याच्या शॉर्टचा करंट त्याच्यातून गेला म्हणून तो जळतो. पाठोपाठ ट्रॅक उडतात, कधी ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग जाते, आणि मूळ दोष तिथेच राहतो.

यावर जुना आणि साधा उपाय आहे: सिरीज बल्ब. मेन्सच्या फेज वायरमध्ये फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी बल्ब चालत नाही. २३० व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब, पुढे पूर्ण शॉर्ट असला तरी, पाव अँपियरच्या आसपासच करंट जाऊ देतो. सेट ठीक असेल तर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर चार्ज होईपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो आणि मग मंद होतो. तसाच प्रखर राहिला तर शॉर्ट आहे, आणि काहीही न जळता ते कळलेले असते. या वेळी स्पीकर जोडायचा नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. बल्ब शॉकपासून वाचवत नाही, मेन्सची बाजू जिवंतच असते. आणि स्विचिंग सप्लाय असलेल्या सेटमध्ये बल्ब उगाच लुकलुकू शकतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

बोर्डाला हात लावण्याआधी फिल्टर कपॅसिटर रिकामे करा. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ५० व्होल्ट असतील तर त्यात साडेबारा जूल ऊर्जा असते. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर मिनिटभर धरा आणि मग मीटरने खात्री करा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा आकडा ४०० व्होल्टच्या वर जाऊ शकतो. तिथे रेझिस्टरही तेवढ्या व्होल्टेजला टिकणारा हवा आणि सवयीने हात आत घालणे जिवावर बेतू शकते.

"जळालेला आउटपुट ट्रान्झिस्टर बदला, काम झाले." आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो तेव्हा तो सहसा एकटा जात नाही. त्याच्यामागचा ड्रायव्हर जातो, ०.२२ किंवा ०.४७ ओहमचा एमिटर रेझिस्टर ओपन होतो, म्हणजे आतून तुटतो, बेसकडचा छोटा रेझिस्टर करपतो (बेस, एमिटर आणि कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय). यांतले काही तसेच ठेवून नवा ट्रान्झिस्टर बसवला की पॉवर देताच तोही जातो. बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुटमधून वाहता ठेवलेला थोडा करंट, ठरवणाऱ्या भागात, दोन्ही बेसमधले व्होल्टेज राखणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये किंवा त्याच्या प्रीसेटमध्ये (स्क्रूने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरमध्ये), दोष असेल तर दोन्ही बाजू एकाच वेळी जोरात चालू होतात आणि नवी जोडी काही सेकंदांत गरम होऊन शॉर्ट होते. त्यात २एससी५२००, २एसए१९४३ यांसारख्या लोकप्रिय ट्रान्झिस्टरच्या नकली प्रती बाजारात भरपूर आहेत. म्हणून ट्रान्झिस्टर बसवल्यावर सिरीज बल्बवरच आधी स्पीकरच्या टर्मिनलवरचे डीसी बघा. शंभर मिलिव्होल्टच्या बरेच आत हवे. मग बायस बघा: ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपियर. किती हवे ते सर्व्हिस मॅन्युअल सांगते, आणि बल्ब काढून पूर्ण मेन्सवर ते पुन्हा तपासावे लागते.

"आधी सगळे कपॅसिटर बदला." या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात, त्यांची कपॅसिटन्स घटते आणि आतला रेझिस्टन्स वाढतो. फुगलेला किंवा गळलेला कपॅसिटर बदलायलाच हवा. पण सरसकट बदलण्याने दोन नुकसाने होतात. जुन्या बोर्डाचे पॅड उचलले जातात, एखादा कपॅसिटर उलटा बसतो, आणि आधी एक दोष होता तिथे आता तीन होतात. दुसरे नुकसान शिकणाऱ्याचे: सेट चालू झाला तरी का झाला ते कळत नाही.

हमचेच, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या घूं आवाजाचेच बघा. ५० हर्ट्‌झच्या मेन्सवर फुल वेव्ह रेक्टिफायर असेल तर आटलेल्या फिल्टर कपॅसिटरमुळे १०० हर्ट्‌झचा हम येतो. ५० हर्ट्‌झचा, त्याहून खालच्या सुराचा हम आला तर संशय तुटलेल्या ग्राउंडवर, इनपुटच्या शील्डवर किंवा रेक्टिफायरच्या ब्रिजमधल्या ओपन डायोडवर जातो. आवाज कमी करण्याच्या नॉबने हम कमी झाला तर तो नॉबच्या आधीच्या भागातून येतो, नाहीतर नंतरच्या. कान आणि एक नॉब एवढ्यावर अर्धा बोर्ड बाजूला काढता येतो, सोल्डरिंग आयर्न गरमही न करता.

"पार्ट काढल्याशिवाय तपासता येत नाही." हे खरे नाही. चालू सर्किटमध्ये, काम करणाऱ्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट असतात. तिथे फॉरवर्ड दिशेने एक व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर ते जंक्शन बहुधा ओपन आहे.  बंद सर्किटमध्ये मीटरच्या डायोड रेंजवर कलेक्टर आणि एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी शून्याजवळ आकडा आला तर शॉर्टचा दाट संशय, आणि मग तेवढाच पार्ट काढून खात्री करायची. समांतर छोटा रेझिस्टर किंवा कॉइल असेल तर आकडा फसवतो हे खरे, पण त्यासाठीच स्टिरिओ सेटमध्ये दुसरा चॅनल असतो. चांगल्या चॅनलवर तीच जागा मोजा. फरक दिसेल तिथे थांबा. स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) नसताना यासारखा आधार नाही.

"सर्किट समजू नका, स्कोप घ्या." मला सर्वांत जास्त खटकतो तो हा सल्ला, कारण अ‍ॅम्प्लिफायर इतर सर्किटपेक्षा वेगळा का आहे तेच तो झाकतो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटपासून इनपुटपर्यंत निगेटिव्ह फीडबॅक असतो, म्हणजे आउटपुटचा काही भाग परत इनपुटला जाऊन चूक सुधारतो. अमेरिकन अभियंते हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये सुचलेली ही कल्पना. इनपुटपासून आउटपुटपर्यंत सगळे टप्पे डीसीने जोडलेले असतात, त्यामुळे एक पार्ट गेला की सगळीकडची व्होल्टेज बिघडतात. नवशिक्या घाबरतो तो इथेच: प्रत्येक आकडा चुकीचा, मग सुरुवात कुठून?

सुरुवात एका प्रश्नाने होते: सर्किट स्वतःला सुधारायचा प्रयत्न करते आहे का? समजा ±३५ व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, इनपुटला पीएनपी जोडी, तिच्यापुढे निगेटिव्ह रेलवर, म्हणजे सप्लायच्या -३५ च्या तारेवर, बसलेला एनपीएन व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टर, आणि आउटपुट +३५ वर अडकलेले. फीडबॅकमुळे जोडीतल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस वर ओढला जातो आणि तो बंद होतो. मग जोडीचा सगळा करंट पहिल्यातून जायला हवा आणि त्याने व्होल्टेज अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण चालू व्हायला हवा. म्हणून त्याच्या बेस आणि एमिटरमध्ये मोजा. शून्य आले तर हुकूम सुटलेलाच नाही: जोडीचा करंट सोर्स किंवा पहिला ट्रान्झिस्टर बघा. ०.७ आले तर हुकूम पोहोचला आहे, आता त्याचा कलेक्टर मोजा. कलेक्टर वरच राहिला असेल तर तो ट्रान्झिस्टर हुकूम मानत नाही, किंवा त्याच्याकडचा ट्रॅक तुटला आहे. कलेक्टर खाली गेला आणि आउटपुट तरीही वरच असेल, तर दोष त्याच्यापुढे: वरच्या बाजूचा आउटपुट किंवा ड्रायव्हर शॉर्ट. खालची बाजूही शाबूत राहून चालू झाली असेल तर सिरीज बल्बही प्रखर पेटलेला दिसेल.

दोन मोजमापांत बोर्डाचे तीन तुकडे झाले, आणि लागला फक्त साधा मल्टिमीटर. हेच स्कोपवर बघितले असते तर पडद्यावर +३५ व्होल्टची सरळ रेषा दिसली असती. तिचा अर्थ स्कोप सांगत नाही.

स्कोप निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. आवाज येतो पण विचित्र येतो, तिथे तो हवाच. लहान आवाजात खरखरीत विकृती असेल तर १ किलोहर्ट्‌झच्या साइन वेव्हच्या शून्य ओलांडण्याच्या जागी पडलेली पायरी कमी बायस दाखवते. अ‍ॅम्प्लिफायर ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच ऑसिलेट होत असेल तर ते स्कोपशिवाय पक्के कळणे अवघड. सिग्नल नसतानाही आउटपुटवरचा १० ओहमचा झोबेल रेझिस्टर (असे ऑसिलेशन रोखण्यासाठी लावलेला) तापणे ही त्याची एक खूण. पण स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ब्रिज आउटपुट असलेल्या, म्हणजे स्पीकरचे कोणतेच टोक ग्राउंडला नसलेल्या, अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलला ती लावली तर अर्ध्या ब्रिजचे आउटपुट शॉर्ट होऊ शकते. तुमचा स्पीकर ग्राउंडला जोडलेला आहे की नाही, हे स्कीमॅटिकच सांगते.

नव्याने शिकणाऱ्याने एलएम३८६ या छोट्या ऑडिओ आयसीवर सुरुवात करावी. ९ व्होल्टच्या सप्लायवर हा आयसी पाचव्या पिनवर साधारण साडेचार व्होल्ट देतो, शॉकची भीती नाही. सर्किट चालू करून सगळ्या पिनांची व्होल्टेज वहीत उतरवा. मग मुद्दाम दोष घाला: आउटपुट कपॅसिटरची एक तार काढा. आवाज बंद, पाचवी पिन मात्र साडेचारवरच. इनपुटची तार काढा, पुन्हा तेच. आता चौथ्या पिनचे ग्राउंड तोडा, पाचव्या पिनचा आकडा बदलतो का बघा. पहिल्या दोन दोषांत डीसी बरोबर असूनही आवाज नाही, तेव्हा तिथे मीटर बाजूला ठेवून सिग्नल कुठपर्यंत पोहोचतो ते बघायचे: इनपुटला सूर द्या आणि हेडफोनच्या सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावून आधी तिसरी आणि मग पाचवी पिन ऐका.