‘जुने गेमच खरे’ म्हणणाऱ्या त्या पोस्टला उत्तर

गणेशचवथीला गोव्यातल्या डिचोलीच्या घरी सगळे जमलो होतो, तेव्हा मामेभावाने घरच्या ग्रुपवर एक पोस्ट टाकली. त्याआधी तीच मला तिघांकडून आली होती. थोडक्यात म्हणणं असं: नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पूर्ण करूनच विकायचे, त्यात बग म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका नसायच्या, जिंकायला कसब लागायचं, आता पैसे फेकले की झालं, आताचे गेम म्हणजे नुसते ग्राफिक्स, आणि तेव्हा गेम एकदा घेतला की कायमचा आपला. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी अंगठे दिले. गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली बसलेल्या माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याने ते वाचलं आणि मोबाईल उलटा करून ठेवला. मला ते फार लागलं. मीही त्याच पिवळ्या कॅसेटींवर वाढलोय, आणि ती पोस्ट माझ्या बालपणाबद्दलसुद्धा खरं सांगत नाही.

आधी बग घेऊ. १९८० चा ‘पॅक-मॅन’ काढा. त्यात पातळीचा आकडा आठ बिटांत साठवलेला, म्हणजे २५५ च्या पुढे तो मावतच नाही. २५६ व्या पातळीला पोचलात की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरतो. ती पातळी पार करता येत नाही. ‘पोकेमॉन रेड’मधला ‘मिसिंगनो’ हा बिघडलेल्या चित्राचा पोकेमॉन तर पोरं मुद्दाम शोधत हिंडायची, तोही बगच. आणि घाईघाईने गेम विकायची खोड आजची म्हणता? १९८२ चा अटारीचा ‘ई.टी.’ जेमतेम पाच आठवड्यांत बनवला होता. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या कचराडेपोत पुरल्या आणि २०१४ साली त्या उकरूनही काढल्या.

अर्धवट गेमचे पूर्ण पैसे घेणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये ज्या अवस्थेत आला, ती ग्राहकाची फसवणूकच होती, आणि सोनीने काही दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. पण तो नंतर दुरुस्त झाला, तीन वर्षांनी तर पार बदलला. कॅसेटमध्ये गेलेली चूक मात्र जन्माची असायची.

कसबाचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. शुक्रवारी बाबांबरोबर म्हापशाच्या बाजाराला गेलो की ते मासळी घेईपर्यंत मला व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये सोडायचे. मुठीत रुपयाची चार नाणी, घामाने ओली झालेली. तिसऱ्या मिनिटाला मेलो की यंत्र दहापासून उलटं मोजायला लागायचं आणि हात आपोआप पुढच्या नाण्याकडे जायचा. ते यंत्र माझं कसब जोखत नव्हतं, माझी नाणी मोजत होतं. पैसे टाकून पुढे जाण्याची रीत तिथली आहे, मोबाईलने ती फक्त उचलली. घरचे गेम कठीण असायचे, त्याचं कारण वेगळं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा ४० किलोबाइटचा. हात बसलेला माणूस तो अर्ध्या तासात संपवतो. एवढ्याशा जागेतला खेळ महिनोन् महिने पुरवायचा तर खेळणाऱ्याला सारखं मारायलाच हवं. खुद्द ‘ग्रेडियस’वर काम करणाऱ्या काझुहिसा हाशिमोतोंना तो तपासताना पार होईना, म्हणून त्यांनी वर-वर-खाली-खाली असा बटणांचा तो गुपित कोड घातला. ‘कॉन्ट्रा’त त्याच कोडने तीस जीव घेऊन आपण सगळे खेळलो. मग आजच्या पोरांना कसब शिकवायचं कुठल्या तोंडाने?

भाचा ‘हॉलो नाइट’ खेळतो. २०१७ चा, ऑस्ट्रेलियातल्या मूठभर लोकांनी केलेला गेम. त्यात मॅन्टिस लॉर्ड्स म्हणून तिघी येतात: आधी एकटी, ती पडली की उरलेल्या दोघी एकदम. चवथीच्या दुसऱ्या रात्री सोप्यावर बसून तो त्यांच्याशी लढत होता. किती वेळा मेला ते मी मोजणं सोडून दिलं. पैसे भरून तिथून सुटायची सोयच नाही. शेवटी त्या हरल्या आणि उठून त्याच्यापुढे वाकल्या. त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि ओले तळवे चड्डीला पुसले. मला म्हापशातली ती मूठ आठवली.

ग्राफिक्सचं लवकर आटोपतो. १९९६ च्या निंटेंडो ६४ या गेमच्या यंत्राच्या नावातच ६४ बिटांची मिरवणूक आहे, तेव्हाही दिखाव्यावरच विक्री चालायची. उलट २०१६ चा ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्या माणसाने जुन्या चौकटी-चौकटींच्या चित्रांत केला. आपल्या पुण्यात बनलेला ‘राजी’ २०२० साली आला, तोही कुणा मोठ्या कंपनीचा नव्हे.

राहिला ‘कायमचा आपला’. आपल्या कॅसेटी बहुतेक चोरीच्या नकला होत्या. वर ‘९९९९ इन १’, आत दहा-बाराच गेम, नावं बदलून पुन्हा पुन्हा. बनवणाऱ्याला त्यातला पैसाही गेला नाही. चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारायचो. त्या ओल्या श्वासाने पिना गंजतात, असं निंटेंडोनेच बजावलं होतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्याला तेवढी मदतही नको. माझी कॅसेट अजून डब्यात आहे, पिनांवर हिरवी पूड धरलेली.

पण या एका मुद्द्यात पोस्टचं दुखणं खरं आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालायचा नाही; ते सर्व्हर मार्च २०२४ च्या शेवटी बंद झाले आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या घरात मेला. २०२५ पासून कॅलिफोर्नियात डिजिटल दुकानांना सांगावं लागतं की तुम्ही वस्तू नव्हे, परवाना विकत घेताय. युरोपात विकलेले गेम असे बंद पाडण्याविरुद्धच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. जुन्यांची गतही बरी नाही: २०२३ च्या एका पाहणीप्रमाणे अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात रीतसर मिळतच नव्हते. म्हणजे हे दुखणं माझंही आहे आणि भाच्याचंही. तेव्हा अंगठे द्यायचेच असतील तर या मागणीला द्या: सर्व्हर बंद करताना गेम घरच्या घरी चालेल अशी सोय करूनच कंपनीने हात झटकावेत.