फक्त काय हवं ते सांगा

मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या लोकांत भांडण लावायचं असेल तर राजकारणापर्यंत जायची गरज नसते. मीटिंगमध्ये सहज म्हणायचं, "या वेळी फ्लटर वापरू या का?" आणि आपला माइक म्यूट करायचा. पुढचा पाऊण तास आपोआप निघतो.

अशाच एका मीटिंगच्या शेवटी, सगळ्यांत कमी बोलल्याबद्दल, सरांनी तुलनात्मक तक्त्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. एकच कोड लिहायचा, तो अँड्रॉइडवरही चालला पाहिजे आणि आयफोनवरही. त्यासाठी कोणतं फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅप उभारायचा तयार सांगाडा, घ्यायचं (फ्लटर हे त्यांतलंच एक, गूगलचं), ते एका पानात. "हल्ली सोपं झालंय रे," सर म्हणाले, "सगळं डिक्लरेटिव्ह आहे."

डिक्लरेटिव्हचा मामला असा. पूर्वी बटण दाबलं की हा मजकूर बदल, ती ओळ लपव, तो रंग काढून हा लाव, अशी हुकमांची माळ आपण लिहायचो. त्यातला एक हुकूम राहिला की स्क्रीनवर 'पैसे भरले' असा संदेश आणि त्याच्या खालीच 'पैसे भरा' हे बटण हिरवंगार. नवी मंडळी म्हणतात, हे उद्योग सोडा. स्टेट, म्हणजे अ‍ॅपची त्या क्षणीची स्थिती (पैसे भरले की नाही), अमुक असेल तर स्क्रीन तमुक दिसली पाहिजे, एवढंच सांगा. कसं ते आम्ही बघतो. फेसबुकच्या रिअ‍ॅक्टने २०१३ पासून वेबवाल्यांना ही सवय लावली, २०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्हने ती मोबाइलवर आणली, २०१८ च्या डिसेंबरात फ्लटर १.० आलं. २०१९ मध्ये तर गूगलने अँड्रॉइडसाठी जेटपॅक कंपोझ आणि अ‍ॅपलने आपल्या उपकरणांसाठी स्विफ्टयूआय काही आठवड्यांच्या अंतराने जाहीर केलं. स्विफ्टयूआय अँड्रॉइडकडे ढुंकूनही बघत नाही, तरी सरांच्या आग्रहाखातर तक्त्यात त्याचाही रकाना आहे. त्यात मी 'नाही' असं लिहून ठेवलंय.

सुरुवात फ्लटरपासून केली. हे म्हणजे मुक्कामाला येताना अंथरूण-पांघरूण स्वतःचं घेऊन येणारा पाहुणा. फोनची तयार बटणं ते वापरतच नाही. एकेक पिक्सेल स्वतः रंगवतं. त्यामुळे दोन्ही फोनवर दिसणं सारखं, आणि अ‍ॅपचं वजन थोडं जास्त. इथे सगळं काही विजेट, म्हणजे स्क्रीन रचायची एकेक वीट. मजकूर विजेट, त्याच्याभोवतीची मोकळी जागा विजेट, त्याला मध्ये आणणारंही विजेट. एक साधं बटण मध्यभागी आणेपर्यंत कोड उजवीकडे सरकत सरकत स्क्रीनच्या कडेला टेकतो आणि मग परतीच्या वाटेवर नुसते कंस. कुठला कंस कुणाचा, हे एडिटर स्वतःच शेजारी फिकट अक्षरांत लिहून देतो. त्यालाही दया येत असावी. बरं, एखाद्या वापरकर्त्याचं नाव लांबलचक निघालं आणि ओळीत मावलं नाही, की चाचणीच्या वेळी कडेला पिवळे-काळे पट्टे उमटतात आणि नाव किती पिक्सेल बाहेर गेलं तो आकडाही झळकतो. नेमकं तेव्हाच मागे कुणीतरी उभं असतं.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा स्वभाव उलटा. ते फोनचीच बटणं, फोनचेच स्विच वापरतं. म्हणजे डिझायनरने चित्र एक काढायचं, दोन फोनवर दोन वेगळे स्विच दिसायचे आणि तिने विचारायचं, "यातला माझा कुठला?" शिवाय इफेक्ट नावाचं प्रकरण आहे, स्क्रीन काढून झाल्यावर चालणारा कोडचा तुकडा. इफेक्टने स्टेट बदलायची, स्टेट बदलली म्हणून स्क्रीन पुन्हा काढायची, काढली म्हणून इफेक्ट पुन्हा चालायचा. फोन तापला की समजायचं, अवलंबित्वांची यादी, म्हणजे काय बदललं तरच इफेक्ट चालवायचा ते, द्यायची राहिली. आणि या फ्रेमवर्कच्या आवृत्तीचा आकडा पहिली दहा वर्षं शून्यानेच, म्हणजे 'अजून कच्चंच आहे' असं सांगतच, सुरू होत होता! इतकी नम्रता मी आमच्या क्षेत्रात दुसरीकडे पाहिलेली नाही.

कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म हे जेटब्रेन्स कंपनीचं, त्या जेटपॅक कंपोझवर उभं केलेलं आणि कॉटलिन भाषा लिहिणाऱ्यांचं लाडकं. आयफोनसाठी ते २०२५ च्या मे महिन्यात स्थिर म्हणून जाहीर झालं. स्टेट बदलली की त्यातलं फंक्शन पुन्हा चालतं. तेव्हा 'रिमेंबर' असं स्पष्ट बजावलं नसेल, तर मोजणीचं बटण कितीही दाबा, आकडा शून्यच. गृहस्थ दर वेळी नव्याने ओळख करून घेतात.

पण खरी मारामारी पुढेच. फ्रेमवर्क ठरलं तरी स्टेट ठेवायची कुठे? त्यासाठीची साधनं वेगळीच: फ्लटरमध्ये प्रोव्हायडर, रिव्हरपॉड, ब्लॉक, गेटएक्स. पलीकडे रिअ‍ॅक्टवाल्यांकडे रीडक्स, मॉबएक्स, झुस्टंड. प्रत्येकाचे भक्त वेगळे, आणि पाच वर्षांपूर्वीची आपली निवड चुकली हे कबूल करणारा एकही नाही. या विषयावरचा रकाना मी रिकामाच ठेवला. जिवाची काळजी घ्यावी लागते.

तक्ता सरांना दाखवताना मी हळूच विचारलं, "सर, पण अ‍ॅप नक्की काय करणार आहे? त्यावर बरंच अवलंबून आहे."

"ते क्लायंट सांगेल. आधी फ्रेमवर्क ठरू दे, मग बघू."

म्हणजे 'कसं' ते बघायला चार फ्रेमवर्कं तयार बसलीत आणि 'काय' ते कुणालाच ठाऊक नाही. सरांनी तक्ता वरून खाली सरकवला, पुन्हा वर नेला.

"आपल्या टीमला यातलं काय येतं?"

"रिअ‍ॅक्ट."

"मग तक्ता कशाला केलास?" असं म्हणून त्यांनी फाइल बंद केली. दारापर्यंत गेले आणि वळले. "अरे, एक रकाना वाढव. एआयला यातलं कुठलं जास्त चांगलं येतं, तेही बघून ठेव."